रक्त आणि मेंदू यांच्यामधली वेस: धडधाकट माणसाने एमआरआय करून ती तपासून घ्यावी का?

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वय ६८. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त, हल्ली मुक्काम गंगापूर रोडला. बीपीची एक गोळी सोडली तर तब्येतीची तक्रार नाही. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडथळा असतो, वयाबरोबर तो गळायला लागतो, मग विसराळूपणा येतो आणि हे सगळं आता एमआरआयवर दिसतं, असं त्यात होतं. नातवाकडून शोधून घेतलं तर अगदीच थाप नव्हती. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी धडधाकट माणसांचे एमआरआय काढले, आणि आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात वयाबरोबर ही गळती वाढलेली दिसली.

मी आपला सरळ मुंबई नाक्याजवळच्या एका सेंटरवर गेलो. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, रक्त आणि मेंदूमधला अडथळा बघायचाय, किती पडतील? ती म्हणाली, "काका, प्लेन की काँट्रास्ट?" मला सांगता येईना. मग म्हणाली, "चिठ्ठी कुठाय डॉक्टरांची?" तीही नव्हती. परत आलो.

तर प्रश्न असा, की ही तपासणी नाशकात होते का? आणि मुळात काही होत नसताना करावी का? सौ.चं म्हणणं, धड असलेलं डोकं कशाला उकरून बघायचं.

उलटाचिवडा
काका, धड आहे की नाही हेच तर बघायचंय ना! (ह.घ्या.)

तांबटलेन
आधी हे सांगा, हा अडथळा असतो कुठे? कवटीच्या आत पडदा वगैरे असतो का?

शाईची_दौत
पडदा नाही हो. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी एक तरी मुलगा हाच पडदा काढून दाखवायचा.

गोष्ट रंगापासून सुरू होते. १८८५ साली पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. एर्लिखला वाटलं, मेंदूला हा रंग धरत नसेल. त्याच्याच हाताखालच्या गोल्डमनने १९१३ मध्ये उलटं करून पाहिलं: निळा रंग रक्तात न सोडता थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं! म्हणजे रंग धरत होता, तो पोचत नव्हता. मध्ये काहीतरी होतं. ते नेमकं काय, हे दिसायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि १९६७ साल यावं लागलं.

तर हा अडथळा म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांची भिंतच. इतर ठिकाणी त्या भिंतीच्या पेशींमध्ये फटी असतात, मेंदूत त्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. बाहेरून आणखी दोन प्रकारच्या पेशींचा वेढा. या केशवाहिन्या एकापुढे एक ठेवल्या तर साधारण ६०० किलोमीटर भरतील असा अंदाज आहे. नाशिकहून निघालात तर नागपूर थोडंसंच राहील. एवढी लांब वेस, आणि जागा सव्वा-दीड किलोच्या मेंदूत.

गोदाकाठचा
बाई, वेस म्हणालात आणि डोक्यात लख्ख पडलं. आमच्या प्रेसचं गेट! आत जाताना पास दाखवायचा, खिसे दाखवायचे. पण खरी झडती बाहेर पडताना. छत्तीस वर्षं रोज दोनदा झडती दिलीय.

शाईची_दौत
उपमा तुम्हाला वाटते त्याहून पक्की आहे. मेंदूच्या वेशीवरही बाहेर काढणारे पहारेकरी आहेत. जुलाबावरची लोपेरामाइड ही गोळी मुळात अफूच्या घराण्यातली. तरी ती घेऊन कुणाला तार लागत नाही, कारण ती आत शिरायला गेली की भिंतीतले पंप तिला धरून पुन्हा रक्तात ढकलतात. साखरेला मात्र कायमचा पास, तिच्यासाठी वेगळं दारच आहे. असायलाच हवं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण जवळपास वीस टक्के ऊर्जा तोच खातो.

द्राक्षबाग
आणि वाईनला? आमच्या भागाचा प्रश्न आहे. 😀

शाईची_दौत
अल्कोहोलला गेटच लागत नाही. भिंतीतून आरपार जातं.

द्राक्षबाग
वा. म्हणजे नाशिककरांची वशिलेबाजी इथेही चालते.

उलटाचिवडा
सर्दीच्या गोळीने मला ऑफिसात झोप लागते, ती पण वशिल्याने आत गेली का?

शाईची_दौत
जुनी गोळी असेल तर हो. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या वेस ओलांडतात म्हणून पेंग येते. फेक्सोफेनाडिनसारख्या नव्या गोळ्या जवळपास बाहेरच अडतात. आणखी एक गंमत: मेंदूत एक छोटी जागा अशी आहे जिथे ही वेस मुद्दामच सैल आहे. रक्तात विष आलं तर कळावं आणि उलटी काढता यावी म्हणून. उलटीवरची डोमपेरिडोनची गोळी तिथेच काम करते, फारशी आत न शिरता.

पिंपळपार
सगळा धंदा आहे. म्हाताऱ्यांना घाबरवायचं आणि मशीनमध्ये घालायचं. आमचे आजोबा ९१ वर्षं जगले, रोज गोदावरीत अंघोळ. कसला एमआरआय!

तांबटलेन
काकांनी स्वतःहून विचारलंय, कोणी घाबरवलेलं नाही. धागा वाचा की आधी.

चुंबकराव
बारा वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे, नाशकातच. सेंटरचं नाव विचारू नका. काउंटरवरच्या मुलीचा प्रश्न बरोबर होता, म्हणून तिथूनच सुरू करतो.

काँट्रास्ट म्हणजे शिरेतून सोडतात ते गॅडोलिनियमचं औषध. शाबूत वेशीतून ते आत जात नाही. गाठ असेल, जंतुसंसर्ग असेल, तर तिथली वेस मोडलेली असते. तिथे ते भसाभस शिरतं आणि फिल्मवर तो भाग पांढरा चमकतो. म्हणजे वेस मोडलीय का हे आम्ही रोजच बघतो. पण ते मोडलेलं दार असतं, लांबूनही दिसतं.

काकांनी वाचलं ते वेगळं. धडधाकट माणसात दार बंदच असतं, फक्त चौकटीतून किंचित हवा येते. ती मोजायला औषध सोडल्यावर एकच फोटो काढून भागत नाही. पंधरा-वीस मिनिटं सतत फोटो काढत राहायचे, आणि मेंदूच्या प्रत्येक ठिपक्यात औषध किती हळू साठतंय याचा आलेख काढून गणित मांडायचं. त्याला डीसीई म्हणतात. मशीन आमच्याकडे आहे, औषधही आहे. पण एवढ्या बारीक पाझरासाठी लागणारी मापनाची पद्धत, ते गणित, आणि मुख्य म्हणजे आलेल्या आकड्याचा अर्थ लावायला तुलनेचा तक्ता, हे नाही. कुणी "करून देतो" म्हणालं तर गाठीसाठी करतो तोच साधा काँट्रास्ट एमआरआय करून देईल. त्यात तुमची वेस "नॉर्मल" येईल आणि बिल पूर्ण येईल.

एक सूचना सगळ्यांनाच. आत येताना अंगठ्या, ताईत, लोखंडी कडं, करदोट्यातली किल्ली, कवळी, सगळं बाहेर. आज्यांच्या बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना तर मी रोज मूठभर गोळा करतो. चुंबक रात्रंदिवस चालू असतो, स्विच बंद केला म्हणून जात नाही. २०१८ साली मुंबईत एकजण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि जीव गमावून बसला.

मेघना_इंदिरानगर
आणि त्या गॅडोलिनियमचं काय? ते मेंदूत साठतं असं वाचलंय. आईची किडनी थोडी कमजोर आहे, मागे काँट्रास्ट घ्यायच्या वेळी आम्ही चार रात्री झोपलो नव्हतो.

चुंबकराव
ताई, काळजी बिनबुडाची नाही. नुसतं गॅडोलिनियम विषारीच, म्हणून ते दुसऱ्या रेणूत बांधून देतात. बांधणी दोन प्रकारची: एक उघड्या साखळीसारखी, दुसरी पिंजऱ्यासारखी. साखळीतून ते सुटू शकतं. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांना वारंवार काँट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूत खुणा दिसल्या. त्यानंतर २०१७ मध्ये युरोपात साखळीवाल्या बऱ्याच औषधांवर बंदी किंवा मर्यादा आली. त्या खुणांमुळे माणसाला काही त्रास होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण पिंजऱ्याचं औषध मागणं शहाणपणाचं. किडनी फारच कमजोर असेल तर धोका खरा आहे, २००६ पासून माहीत आहे. म्हणूनच आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, मागतो. ते मागितलं की लोक म्हणतात, यांचं लॅबशी साटंलोटं आहे.

पिंपळपार
आहेच.

मेघना_इंदिरानगर
थोडक्यात, ज्याला काहीच होत नाही त्याने हे औषध शिरेत का घ्यायचं? सौ. काकूंना माझं +१.

सांडवा
काल अर्धा धागा वाचून झोपलो, आज पूर्ण वाचला. पाटबंधारे खात्यात हयात गेली. मेंदूतलं मला काही कळत नाही, पण "गळती" हा शब्द इथे सगळे सैल वापरतायत, तो टोचला.

आमच्याकडे पाझर वेगळा आणि गळती वेगळी. मातीचं धरण पाझरतंच. आपलं गंगापूर धरण घ्या, १९६५ सालचं, मातीचं. मातीच्या भरावातून पाणी मुरणार हे धरूनच बांधणी करतात, पायथ्याला ते पाणी गोळा करून चारीत काढतात आणि व्ही-नॉचवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेवर, मोजतात. पाझर शून्य आला तर उलट आम्ही नॉच तपासायला माणूस पाठवायचो. काळजी केव्हा? पाणी गढूळ आलं तर. म्हणजे माती वाहून चाललीय. किंवा धरणातली पातळी तीच असताना पाझर महिन्यामागून महिना वाढत गेला तर.

आणि धरणात पाणी किती होतं ते न लिहिता नुसता पाझराचा आकडा वहीत लिहिलेला असला तर साहेब ती वही फेकून द्यायचे. भरल्या धरणाचा पाझर आणि मे महिन्यातला पाझर एकाच तागडीत कसा तोलणार?

तेव्हा काकांना माझा प्रश्न: एकदा एमआरआय काढलात, समजा पाझर दिसला. मागच्या वर्षीचा आकडा आहे का तुमच्याकडे? तुमच्या वयाच्या शंभर नाशिककरांचा आहे का? नसेल तर त्या आकड्याचं लोणचं घालणार का?

तांबटलेन
प्रतिसाद वहीत उतरवून घेतला.

उलटाचिवडा
पातळी लिहूनच ना? नाहीतर साहेब वही फेकतील.

सिडकोची_रेवा
सांडवा काका, हात जोडून नमस्कार. मी एमआरआयच्या भौतिकशास्त्रात काम करते (मूळची सिडकोची, सध्या परदेशी). तुमची पातळीची वही आमच्याकडे जशीच्या तशी आहे. रक्तात त्या क्षणी औषध किती आहे हे प्रत्येक फोटोबरोबर मोजावं लागतं, साधारणपणे मेंदूतल्या एखाद्या मोठ्या शिरेत. ते चुकलं की पाझराचा सगळा हिशोब चुकला.

अडचण आणखी आहे. निरोगी माणसात पाझर इतका कमी, की त्यामुळे सिग्नलमध्ये पडणारा फरक आणि मशीन तापल्यावर सिग्नल आपोआप सरकतो तो फरक, दोन्ही जवळपास सारखेच. माणूस जरासा हलला, मान वळली, तरी तेवढाच. म्हणून एका माणसाच्या आकड्यावर कोणी पैज लावत नाही. पन्नास-शंभर जणांची सरासरी घेतली की चित्र उमटतं. काकांनी सांगितलेल्या २०१५ च्या अभ्यासाचंही तेच, तो गटाबद्दल बोलतो. त्याच वर्तुळातल्या २०१९ च्या अभ्यासात, स्मरणशक्ती थोडी खालावलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पाझर जास्त दिसला, आणि अल्झायमरची ओळखीची दोन प्रथिनं असोत वा नसोत, तरी दिसला. मोठी गोष्ट होती. पण दुसऱ्या गटांना प्रत्येक वेळी तेवढाच फरक दिसला असं नाही. भांडणं चालू आहेत, आणि ती बहुतेक मोजण्याच्या पद्धतीवरून आहेत.

मेघनाताई, औषधाशिवायचीही पद्धत आहे. मानेतून वर चढणाऱ्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकाने खूण करायची, आणि ते खुणेचं पाणी केशवाहिनीतून मेंदूत किती वेगाने उतरतं ते बघायचं. शिरेत काही टोचायचं नाही, म्हणून निरोगी वयस्कांसाठी आम्हाला ती फार आवडते. आणि इथे गंमत आहे. काही अभ्यासांत वयाबरोबर ही पाण्याची ये-जा मंदावलेली दिसली. गॅडोलिनियम म्हणतं पाझर वाढतो, पाणी म्हणतं ये-जा कमी होते!

द्राक्षबाग
मग खोटं कोण बोलतंय?

सिडकोची_रेवा
कुणीच नाही. गॅडोलिनियमचा रेणू मोठा, तो शिवण उसवलेल्या जागेतून घुसतो. पाणी जातं ते बरंचसं पेशींमधूनच, आणि पलीकडच्या वेढ्यातल्या पेशींना पाण्यासाठी खास नळ असतात. ते नळ वयाबरोबर विस्कटले की ये-जा मंदावते, असा एक अंदाज आहे. प्रेसच्या भाषेत, कंपाउंडची भिंत खचणं वेगळं आणि गेटवरचा क्लार्क सुस्तावणं वेगळं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

गोदाकाठचा
क्लार्क सुस्तावणं यावर मी काही बोलणार नाही. आमच्यातले काही इथे वाचत असतील.

तांबटलेन
पण एमआरआयच्या आधी हे कसं मोजायचे?

सिडकोची_रेवा
पाठीतलं पाणी काढून. त्यात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन किती आणि रक्तात किती, याचं प्रमाण बघतात. अजूनही करतात. पण पाझर आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते कळत नाही. शिवाय निरोगी सत्तरीच्या माणसाला "पाठीत सुई घालू का, विज्ञानासाठी?" विचारून बघा.

उलटाचिवडा
सत्तरीतला निरोगी माणूस आणणार कुठून हा वेगळा धागा होईल. आमच्या कट्ट्यावर सात जण आहेत, सातांत मिळून चार स्टेंट.

शाईची_दौत
चेष्टेत म्हणालात, पण मुद्दा आहे. स्वतःहून अशा अभ्यासाला जाणारे बहुधा शिकलेले, फिरायला जाणारे, अर्धा-पाऊण तास स्थिर पडून राहू शकणारे. त्यांच्यावरून "निरोगी म्हातारपण" ठरवायचं का? निफाडच्या शेतात राबलेल्या आजीची वेस कशी असेल, ते त्या तक्त्यात येणारच नाही.

अवांतर: मराठीत याला काय म्हणावं? "रक्त-मेंदू अडथळा" म्हटलं की द्वारका सर्कलचा ट्रॅफिक जाम आठवतो.

पिंपळपार
तटबंदी म्हणा. (कधीतरी मीही कामाचं बोलतो.)

सांडवा
तटबंदीला दारं कमी. वेसच बरी. वेशीतून गाव जातं-येतं.

मेघना_इंदिरानगर
एक सांगा, उद्या खरंच कोणी अभ्यासासाठी बोलावलं तर जावं का? म्हणजे "स्वतःचं तपासून घ्यायला" नाही, त्यांना मदत म्हणून.

सिडकोची_रेवा
जावं, मनात असेल तर. मीही लोकांना तेच सांगते. मात्र काही गोष्टी बघा. नीतिमत्ता समितीची परवानगी हवी, संमतीपत्र मराठीत हवं आणि ते घरी नेऊन वाचायला मिळायला हवं. औषधाच्या चाचणीसारखा अभ्यास असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत तो शोधता येतो, ती २००७ पासून आहे. आणि संशोधनासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले तर उलट्या पावली घरी या.

आणखी एक आधीच विचारून ठेवा: स्कॅनमध्ये भलतंच काही दिसलं तर सांगणार का? या वयात पांढरे ठिपके तर कितीतरी जणांना दिसतात. कधी एखादी लहान गाठ दिसते, जिने उभ्या आयुष्यात त्रास दिला नसता. माणूस मदत करायला म्हणून जातो आणि काळजी घेऊन घरी येतो. आमच्याकडे एका आजोबांनी अर्जावर "सांगू नका" लिहिलं होतं. मुलगा भांडायला आला.

चुंबकराव
पांढरे ठिपके! रोजचं आहे. रिपोर्टात "वयानुरूप" लिहिलेलं असतं, तरी लोक तो कागद घेऊन तीन डॉक्टर फिरतात.

गोदाकाठचा
सगळ्यांचे आभार. खरं कारण धाग्यात लिहिलं नव्हतं, आता लिहितो. माझे थोरले बंधू शेवटची पाच वर्षं आम्हाला ओळखत नव्हते. पंचवटीतल्या घरातून दोनदा निघून गेले, एकदा रामकुंडावर सापडले, एकदा सीबीएस स्टँडवर, हातात पुण्याचं तिकीट. पुण्यात आमचं कोणी नाही. गेल्या दिवाळीपासून मला माणसांची नावं चटकन आठवत नाहीत. व्हिडिओ बघितला आणि वाटलं, आत काय चाललंय ते एकदा दिसावं.

मेघना_इंदिरानगर
काका... हे आधी सांगायला हवं होतं. म्हणजे रागावत नाही, पण मग "काही होत नसताना" हा प्रश्न उरत नाही.

शाईची_दौत
मेघना बरोबर आहे. तुम्ही निरोगी असालही, पण तक्रार घेऊन आलात, तर वाट वेगळी. न्यूरॉलॉजिस्टना भेटा, स्मरणशक्तीची कागद-पेन्सिलची चाचणी करून घ्या. सोबत बी-१२, थायरॉइड, आणि ऐकू किती येतं तेही. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता फार. एमआरआय लागला तर ते लिहून देतील, नेहमीचा. वेशीचा नाही.

सिडकोची_रेवा
आणि बीपीची गोळी चुकवू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. वरचं बीपी १४० च्या आत ठेवण्यापेक्षा १२० च्या आत ठेवायचा प्रयत्न केलेल्या गटात स्मरणशक्ती खालावण्याच्या सुरुवातीच्या टप्प्याचं प्रमाण कमी निघालं. पूर्ण स्मृतिभ्रंशाबाबत मात्र फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. किती खाली आणायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मनाने गोळी वाढवू नका.

पिंपळपार
काका, भावाचं वाचून वाईट वाटलं. वरचं माझं बोलणं मागे. डॉक्टरकडे एकटे जाऊ नका, कोणी नसेल तर मी येतो. पंचवटीतच असतो.

गोदाकाठचा
तीन आठवड्यांनी लिहितोय. पिंपळपार खरंच आले, दोन तास बाहेर बसले, नंतर मिसळीचे पैसेही देऊ देईनात. कागदी चाचणीत ३० पैकी २७. घड्याळ बरोबर काढलं, सांगितलेल्या शब्दांतला एक विसरलो. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. एमआरआय सध्या नको म्हणाले, सहा महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा. सांडवा साहेब, तारीख आणि बीपी घालून वहीत लिहून ठेवलंय.

आणि डावा कान बराच गेलाय. डॉक्टर म्हणाले, नाव नीट ऐकूच आलं नाही तर आठवणार कुठून? यंत्र लावायचं ठरलं. सौ. म्हणते, हे मी दहा वर्षांपासून सांगतेय. मला ऐकू आलं नसावं.

चुंबकराव
अभिनंदन काका. फक्त पुढेमागे एमआरआयला आलात तर ते यंत्र काढून काकूंच्या हातात द्या. मागच्या महिन्यात एकांनी कानातच ठेवलं होतं. मी चार वेळा विचारलं, चारही वेळा "हो हो" म्हणाले.

उलटाचिवडा
ऐकूच आलं नसेल.